आधी सांगा, मग सलाईन लावा

सातारा-सांगली भागात बायोप्सीचा रिपोर्ट सहसा रुग्णाच्या हाती पडत नाही. मुलगा, जावई किंवा पुतण्या तो घेतो आणि डॉक्टरांना बाजूला गाठून विनवतो, "तात्यांना काही बोलू नका, साधी गाठ आहे म्हणा." मग केमोथेरपीची ‘शक्तीची सलाईन’ होते. यामागे माया असते, हे कोणी नाकारणार नाही. या मंडळींचे म्हणणे असे की, कॅन्सरचे नाव ऐकताच माणूस हाय खातो, अन्न सोडतो, उपचाराआधीच खचतो. निर्णय घरची कर्ती माणसेच घेणार, मग त्याच्या जिवाला घोर कशाला? माझे मत नेमके उलट आहे. केमोची तयारी मुख्यतः रुग्णाने करायची असते, आणि आपल्याला काय झाले आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून ती होऊ शकत नाही.

ही तयारी कसली, ते आधी पाहू. केमोची बरीचशी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर केसांची मुळे, तोंडाचे आतले अस्तर आणि रक्त तयार करणारा अस्थिमगजही सापडतो. पांढऱ्या पेशी साधारण 7 ते 14 दिवसांनी सर्वांत खाली जातात, आणि तेव्हा रुग्ण दवाखान्यात नव्हे, घरी असतो. त्या दिवसांत 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला तरी ती तातडीची वेळ असते. लगेच रक्त तपासून शिरेतून प्रतिजैविके सुरू करावी लागतात. जत तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावातून मिरजेला किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून कराडला मध्यरात्री कोणाच्या गाडीने निघायचे, हे म्हणूनच आधी ठरलेले हवे. ‘शक्तीची सलाईन’ घेतलेला माणूस मात्र अंग कसकसले की तापाची गोळी घेऊन झोपतो, आणि त्याला दोष देता येत नाही. सुरुवातीच्या तपासण्यांचेही तसेच. हिपॅटायटिस बी, काही औषधांआधी हृदयाचा इको, सिस्प्लॅटिनआधी मूत्रपिंड, किडलेले दात हे सारे डॉक्टर पाहतील; पण कोणत्या वैद्याची पुडी किंवा काढा चालू आहे, हे रुग्णच सांगू शकतो. तरुण रुग्णाला पुढे मूल हवे असेल, तर बीज किंवा वीर्य गोठवून ठेवण्याचा विचार पहिल्या सलाईनआधीच व्हायला हवा. तो निर्णय काका-मामांनी परस्पर घेण्याचा नव्हे.

आता धीर सुटण्याचा मुद्दा. पहिला धक्का बसतो, हे खरेच. पण न सांगितल्याने तो टळतो का? दवाखान्याच्या पाटीवर कॅन्सर लिहिलेले असते, शेजारच्या खाटेवर केस गेलेला माणूस असतो, घरी भेटायला येणारे पाहुणे दारातच कुजबुजतात. रुग्णाला बहुतेक वेळा कळून चुकते. फक्त विचारायची सोय उरत नाही. मग आजवर ऐकलेले वाईटात वाईट तेवढे तो मनात घोळवत बसतो. उलट्या आवरणारी ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधे 1990च्या दशकापासून वापरात आहेत आणि ती केमोच्या आधीच देतात, एवढे साधे आश्वासनही त्याच्यापर्यंत पोचत नाही. कायदाही त्याच्याच बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की, रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: "केमोनेच माणूस जातो, त्यापेक्षा झाडपाला बरा." केमो विषारी आहे, हे त्यातले अर्धे सत्य. उरलेले अर्धे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसते. शरीरात दूरवर न पसरलेला कॅन्सर असताना ज्यांनी केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. काही वेळा केमो बरे करण्यासाठी नसते, त्रास कमी करून आयुष्य थोडे लांबवण्यासाठी असते, हेही मान्य. पण तेव्हा तर सांगणे अधिकच गरजेचे. उरलेल्या काळात किती सोसायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पैशाचेही तसेच: त्याच्या नावावरचे रान त्याच्या नकळत गहाण टाकण्याचा घाट घालण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावे. वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून मिरजेला वैद्यकाची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. कराड-साताऱ्यातही केमो मिळते. आपल्याकडे उणीव आहे ती मोकळ्या बोलण्याची.

एखादा रुग्ण स्वतःच म्हणेल, "मला काही सांगू नका, पोराशी बोला." तोही त्याचा हक्क, पण तो त्याला विचारल्यावरच वापरता येतो. सगळे एका दमात सांगावे असेही नाही. डॉक्टरांनी घरच्यांसमक्ष, बसून, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारत सांगावे. तेव्हा रिपोर्ट खिशात ठेवणाऱ्या मुलांनो, पुतण्यांनो, पहिल्या केमोच्या तारखेआधी वडिलांना, आईला खरे काय ते सांगा. त्यानंतर थर्मामीटर आणा, गाडीवाल्याचा नंबर लिहून ठेवा.