न्यायाचें शिक्षण आणि आमची शाळा

शाळेच्या वार्षिकांत सहलींचीं वर्णनें, बक्षिसांच्या याद्या आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तांत यांनाच जागा असावी, असा एक समज रूढ आहे. त्यांतलीच थोडी जागा मागून घेऊन आम्ही आज अशा एका विषयावर लिहीत आहों, कीं ज्याविषयीं पालकांत उघड दोन तट पडलेले दिसतात. हायस्कुलांतील मुलामुलींना सामाजिक न्याय आणि जगांतील विषमता हे विषय शिकवावे कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. ते शिकवावे, परंतु बहुतेक ठिकाणीं ज्या रीतीनें ते शिकविले जातात त्या रीतीनें नव्हे.

पहिला आक्षेप वयाचा. मुलें लहान आहेत, त्यांचें मन कोंवळें आहे, जगाचें दुःख त्यांना इतक्या लवकर कशाला दाखवावयाचें, असें कित्येक आया कळवळून विचारतात. त्या कळवळ्याचा आम्हांस आदर आहे. पण १८५५ सालची एक गोष्ट त्यांच्यापुढें ठेवावीशी वाटते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ पासून पुण्यांत ज्या शाळा चालविल्या, त्यांपैकीं एकींत मुक्ता साळवे नांवाची मांग समाजांतील मुलगी शिकत होती. तिनें मांग-महारांच्या दुःखांविषयीं एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रांत त्या सालीं छापून आला. हें पत्र अमेरिकन मिशनच्या लोकांनीं १८४२ सालीं अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, सुरू केलेलें. मुक्तेचें वय आपल्या हायस्कुलांतील मुलींच्या वयाहून अधिक नव्हतें. तरी, ज्या लोकांना धर्मग्रंथ वाचण्याचीहि मुभा नाहीं त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिनें विचारला, आणि तोहि अशा भाषेंत कीं मोठमोठ्या पंडितांना उत्तर देतां आलें नसतें. जें दुःख त्या वयाच्या मुलीला भोगावें लागलें, तें त्याच वयाच्या मुलीनें वाचूंहि नये, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

दुसरा आक्षेप थोडा हळू आवाजांत बोलला जातो. मुलें हें शिकून घरीं येतील आणि आमच्याशींच वाद घालतील ! होय, घालतील. घरीं कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा कां ठेवला आहे, असें एखादी मुलगी जेवतांना विचारील, आणि त्या दिवशीं जेवण थोडें बेचव लागेल. याला शाळेचा नाइलाज आहे.

हें राजकारण आहे, असें म्हणणाऱ्यांना तर आम्ही एवढेंच सुचवितों कीं त्यांनीं आपल्या पाल्याचें कोणतेंहि पाठ्यपुस्तक उघडून आरंभींचीं पानें पाहावीं. तेथें राज्यघटनेची उद्देशिका छापलेली असते आणि तींत सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय हे शब्द आहेत. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. जें पुस्तकाच्या पहिल्या पानावर शोभतें, तें फळ्यावर येतांच राजकारण कसें होतें ?

आतां रीतीविषयीं. आमच्याकडे, आणि आमच्यासारख्या पुष्कळ शाळांकडे, दिवाळीपूर्वीं मुलांना अनाथाश्रमांत नेण्याची चाल आहे. फराळाचे डबे दिले जातात, गाणीं होतात, छायाचित्र निघतें, आणि तें याच वार्षिकांत छापलें जातें. मुलांचा हेतु शुद्ध असतो यांत शंका नाहीं. परंतु परत येणाऱ्या गाडींत त्यांच्या मनांत काय उरतें ? आपण देणारे आणि ते घेणारे, एवढेंच बहुधा. डबा घेणाऱ्या मुलाच्या हातांत तो डबा अगोदरच कां नव्हता, हा प्रश्न त्या गाडींत बसत नाहीं. असा प्रश्न विचारण्याची संवय लागणें, हेंच आम्हांस या शिक्षणाचें मुख्य काम वाटतें.

अलीकडे एक खेळहि प्रचारांत आणतां येण्याजोगा आहे. जागतिक विषमतेविषयींच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांकडे एकूण संपत्तीपैकीं ७६ टक्के आहे, आणि तळाच्या निम्म्या लोकांकडे अवघी २ टक्के. पन्नास मुलांच्या वर्गांत शंभर शेंगदाणे वांटावयाचे झाले तर पांच मुलांना मिळून ७६, मधल्या वीस मुलांना मिळून २२, आणि उरलेल्या पंचवीस मुलांना मिळून दोन दाणे. (मोजण्याचें काम गणिताच्या शिक्षकांकडे द्यावें, म्हणजे टक्केवारीचा तास वेगळा घ्यावा लागणार नाहीं.) आंकडा फळ्यावर पाहून जें कळत नाहीं तें दोन दाण्यांकडे पाहणाऱ्या पंचवीस चेहऱ्यांवरून कळतें. पण खेळ येथेंच थांबला तर घातक आहे. मुलें हंसतील, दोघे-चौघे दाणे पळवितील, आणि ज्यांना पुष्कळ मिळाले ते समजतील कीं हा नशिबाचा भाग होता. जगांतील वांटणी कोणा शिक्षकानें एका तासांत केलेली नाहीं. तिला इतिहास आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यांतूनहि गेलेला आहे.

कापसाचेंच उदाहरण घ्या. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, आणि गुलामांच्या हातून वेंचलेला जो कापूस इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात असे, तो येईनासा झाला. गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईंत कापसाचा भाव चढला, पैशाचा पूर आला, कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या. दख्खनच्या रयतेलाहि सावकार एकाएकीं हात सैल सोडून कर्ज देऊं लागले. १८६५ सालीं युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां वाहूं लागला आणि इकडचा भाव कोसळला. मुंबईंतील सट्टेवाले बुडाले, त्यांच्या कथा आपण आवडीनें सांगतों. रयतेचें काय झालें ? सावकारांनीं हात आंखडला, त्याच सुमारास सरकारनें नव्या पाहणीनें सारा वाढविला, आणि कर्जाचे कागद मात्र तसेच राहिले, व्याजासह. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारगांवीं शेतकरी जमले. त्यांनीं सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले व जाळले. लोण नगर जिल्ह्यांत पसरलें. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

हा धडा भूगोलाच्या नकाशावर शिकवावा अशी आमची सूचना आहे. अमेरिकेच्या दक्षिणेंतील मळा, लँकेशायर, मुंबई आणि सुपें, अशा चार ठिकाणीं टांचण्या लावून त्यांना दोऱ्यानें जोडावें. मग मुलांना विचारावें, या दोऱ्यांतून कोणाला किती मिळालें ? यांत खलपुरुष शोधूं लागलें कीं बोट सावकारावर थांबतें, पण तेवढ्यानें उत्तर पुरें होत नाहीं. आणखी एक गोष्ट सांगावी. कापसावांचून लँकेशायरच्या हजारों मजुरांचें काम सुटलें होतें, घरांत उपासमार होती. तरीहि १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टर येथें जमलेल्या कामकरी लोकांनीं गुलामगिरीविरुद्ध अध्यक्ष लिंकन यांस पाठिंब्याचें पत्र धाडलें, आणि पुढल्याच महिन्यांत लिंकननीं त्यांना उत्तर लिहिलें. ज्यांचें पोट त्या कापसावर होतें त्यांनींच हें करावें, याचा अर्थ काय, यावर नववीच्या वर्गांत एक तास सहज रंगेल.

दोरा आजहि तुटलेला नाहीं. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ साभार येथें राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळली आणि आंतील कपड्यांच्या कारखान्यांतले अकराशेंहून अधिक लोक मेले. आदल्याच दिवशीं भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तेथें शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जात. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठी एकदां वाचून पाहा.

आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत नाजूक वाटते ती. वर्गांत गरिबीचा धडा चालू असतां, ज्याच्या घरीं ती गरिबी आहे तें मूल कोठें पाहत असतें ? बहुधा वहीच्या समासांत. शिक्षक ‘ते लोक’ म्हणून ज्यांचें वर्णन करीत असतात, त्यांपैकींच एक तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. तेव्हां कोणाचे वडील काय करतात हें हात वर करवून विचारूं नये. शिष्यवृत्तीचे अर्ज आले कीं जातीचा दाखला आणावयाच्या मुलांचीं नांवें भर वर्गांत पुकारण्याची रीत कित्येक शाळांत आहे. ती चालूं ठेवून समतेवर व्याख्यान देण्यांत अर्थ नाहीं. नांवें लखोट्यांत घालून घरीं पाठवितां येतात. त्याला फार तर दहा मिनिटें अधिक लागतील.

आणि आमच्याच शाळेविषयीं बोलावयाचें तर, २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या, असें त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानें अल्पसंख्याकांच्या शाळा या बंधनाबाहेर राहिल्या, आणि मिशनची म्हणून आमची शाळा त्यांतलीच. दुसरें असें कीं, हा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा; आठवी संपली कीं कायद्याचा हात सुटतो, आणि या जागांवर आलेल्या मुलांपुढें नववीच्या फीचा आंकडा उभा राहतो. शेजारच्या शाळांतून अशीं मुलें नववींत आमच्याकडे येऊं पाहतात. कायदा बांधीत नाहीं म्हणून आम्ही त्यांना बांधील नाहीं काय ? संमेलनाच्या मिठाईवर व दिवाळीच्या डब्यांवर जो निधि खर्च होतो, त्यांतून अशा कांहीं मुलांची नववी-दहावीची फी भरतां येईल, असें आम्ही व्यवस्थापक मंडळीस लेखी कळविलें आहे. देणगीदाराचें नांव फळ्यावर आणि मुलाचें नांव सभेंत, यांपैकीं कांहींहि नसावें, अशी एक अट तेवढी घातली आहे.

या विषयाची परीक्षा घेऊं नये. ‘टीपा लिहा : सामाजिक न्याय, गुण ५’ असा प्रश्न एकदां पत्रिकेंत आला कीं मार्गदर्शिका छापून तयार होतील आणि मुलें न्याय पाठ करूं लागतील.

येत्या जूनमध्यें नववीच्या वर्गांत पहिल्याच आठवड्यांत मुक्ता साळवे हिचा निबंध मोठ्यानें वाचला जावा, असें आम्हीं मराठीच्या शिक्षकांस सुचविलें आहे. ज्या पालकांची याला हरकत असेल त्यांनीं त्या तासाला अवश्य यावें. मागचे दोन बाक त्यांच्यासाठीं मोकळे ठेवण्यांत येतील, आणि हात वर करून बोलण्याची मुभा मुलांइतकीच त्यांनाहि राहील.