गोष्टीला तात्पर्य कशाला?

शाळेत पोरांना गोष्ट लिहायला ज्या रीतीनं शिकवतात, त्या रीतीवर माझा राग आहे. गुरुजींवर नाही, रीतीवर. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या चहाच्या टपरीवर चौघे मिळून मला धरतील.

रीत अशी. फळ्यावर घटक लिहायचे : कथाबीज, पात्रे, स्थळ, काळ, घटना, संवाद, शेवट. पोरांनी ते वहीत उतरवून पाठ करायचे. मग मुद्दे द्यायचे. एक म्हातारा शेतकरी, त्याची आळशी मुलं, शेतात धन पुरलंय असं सांगून म्हातारा मरतो, मुलं शेत खणतात, भरघोस पीक येतं. एकेका मुद्द्याला एकेक वाक्य जोडायचं. वर शीर्षक, खाली तात्पर्य. झाली गोष्ट! दहावीच्या मराठीच्या पेपरात कथालेखन येतं, म्हणून गाइडात तयार गोष्टी मिळतात. पोरं त्याही घोकतात. पाढे पाठ करावेत हे समजतं, पण गोष्ट पाठ करून लिहायची?

आमच्या भावकीतला एक पोरगा नववीत होता. त्याच्या बापानं त्या साली कांदा केला. मार्केटला नेला तेव्हा पोरगा टेम्पोत बापाशेजारी बसून गेला. लिलाव बघितला, पट्टी हातात आली तीही बघितली. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता बापाच्या हातात काय उरलं हे त्याला पैशासकट ठाऊक. येताना बाप वाटेत एक शब्द बोलला नाही. नेहमी भेळ घ्यायचा, त्या दिवशी गाडी थांबवलीच नाही.

त्याच आठवड्यात ह्या पोरानं शाळेत गोष्ट लिहिली. गोष्टीतला शेतकरी गरीब पण कष्टाळू. तो रात्रंदिवस राबतो, पीक जोमात येतं, तो सुखी होतो. तात्पर्य, कष्टाचे फळ गोड असते. खाली लाल शाईत 'छान'.

मी म्हणलं, "का रं, परवा बाजारात बघितलंस ते का न्हाई लिहिलंस?"

तो म्हणाला, "आबा, त्याला तात्पर्यच निघंना."

माझं सगळं भांडण ह्या एका वाक्याशी आहे. पोरगं खोटारडं नाही. डोळ्यांनी बघितलेलं सोडून न बघितलेलं लिहायला त्याला शिकवलंय, आणि ते तो नीट शिकलाय. आपल्या घरात घडतं ते गोष्टीत बसत नाही, हे एकदा पोराच्या डोक्यात बसलं की पुढं तो आपल्या घराकडं बघायचंच सोडून देतो. नुकसान आहे ते हे. मार्कांचं काय, ते येतात नि जातात.

आता कुणी म्हणेल, घटक शिकवायचेच नाहीत का? शिकवावेत की. घटक काही खोटे नाहीत. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. ही गोष्ट ठाऊक नाही असं मराठी घर विरळा. पात्रं दोन. ठिकाण म्हणजे एक मेणाचं घर, एक शेणाचं. वेळ पावसाची. कावळ्याचं घर वाहून गेलंय, त्याला आत यायचंय आणि चिमणी दार उघडत नाही. एकाला काहीतरी हवंय आणि मधे काहीतरी आडवं आलंय, एवढ्यावर गोष्ट उभी राहते. बाकीचे घटक तिच्या अंगाखांद्यावर आपोआप येतात. तीन वर्षांच्या पोराला ह्यातलं एकाचंही नाव माहीत नसतं, पण चिमणीची एक सबब जरी तुम्ही गाळली तरी ते तुम्हाला अडवतं. त्याला रचना कळलेली असते.

आणि तात्पर्य? चिमणी शहाणी की निष्ठुर? चार पोरांना विचारा, भांडणं लागतील. ती भांडणं लागणं हेच गोष्टीचं काम. तात्पर्य लिहून तुम्ही भांडण मिटवता आणि गोष्टीचा जीव घेता.

फळ्यावरच्या यादीत मला दोन शब्द कधी दिसले नाहीत. एक 'म्हणून' आणि दुसरा 'पण'. 'पाऊस पडला नाही. बैल विकला.' ह्या दोन बातम्या झाल्या. 'पाऊस पडला नाही म्हणून बैल विकला' म्हणलं की गाठ बसली. आणि 'पाऊस चांगला झाला, पण बैल विकला' म्हणलं की ऐकणारा पुढं सरकतो, विचारतो, का बरं? तिथं गोष्ट सुरू झाली. तलाठ्याच्या पंचनाम्यात माणूस असतो, गट नंबर असतो, तारीख असते, घटना असते, तरी ती गोष्ट होत नाही, कारण त्यात कुणाला काय हवं होतं हे कुणी विचारत नाही. पोरांची कथालेखनाची वही म्हणजे तसाच पंचनामा, फक्त खाली तात्पर्य जोडलेला.

आणखी एक घटक यादीत नाही. ऐकणारा. पूर्वी म्हातारी माणसं गोष्ट सांगताना हुंकार द्यायला लावायची. 'हं' थांबला की गोष्ट थांबली. पोरगं झोपलं का रुसलं, ते बघून म्हातारी गोष्ट वाढवायची, नाहीतर आवरायची. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तिची प्रकरणं रात्रींची आहेत. श्याम सांगतोय आणि समोर मित्र बसलेत. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार ह्या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं, लोकांनी मैदानं भरवून ऐकलं. समोर माणूस आहे हे ज्याला ठाऊक, तो पाल्हाळ लावत नाही. आमची पोरं मात्र तपासणाऱ्यासाठी लिहितात. त्या तपासणाऱ्यापुढं गठ्ठा पडलेला. तो हुंकार कुठून देणार?

भाषेचंही तेच. पोरगं संवाद लिहितं, 'हे पिताश्री, आपण चिंता करू नये.' कुठल्या शिवारात असं बोलतात? घरातली बोली लिहिली तर अशुद्ध म्हणून तांबडी रेघ. माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं. त्यातली माणसं आपापल्या बोलीत बोलतात, म्हणून ती जिवंत आहेत. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसाची. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली आणि तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. अशा लेखकांना धड्यात मानानं बसवायचं आणि त्यांच्यासारखं बोलणाऱ्या पोराच्या वहीत रेघा ओढायच्या, ही कुठली रीत?

शहरातल्या वाचकाला वाटेल, पोराला गोष्ट नाही आली तर काय बिघडलं? बिघडतं. पीक विम्यात गारपिटीची खबर ७२ तासांत द्यायची असा नियम होता, तो आम्ही पाठ केला. काय झालं, कधी झालं, कुठं झालं, किती गेलं, हे ज्याला ओळीनं सांगता येतं त्याचं म्हणणं कागदावर चढतं. ज्याला येत नाही तो 'साहेब, लई नुकसान झालं हो' एवढंच म्हणत दारात उभा राहतो. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात, सगळीकडं तेच. स्वतःवर बेतलेलं नीट सांगता येणं हे गरिबाचं हत्यार आहे. ते शाळेत मिळायला हवं आणि शाळा त्याच्या हातात तात्पर्य देते.

गुरुजींची अडचण मला कळते. वर्ग भरलेला, पोर्शन संपवायचा, वर निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं. पण मी म्हणतो त्याला जास्तीचा तास लागत नाही. आठवड्याचा एक तास फळा पुसून ठेवा. एका पोराला उभं करा आणि विचारा, काल काय झालं? घरी बोलतो तसं बोलू द्या. बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. तो अडला की पोरांनीच विचारायचं, मग? का? त्याला काय पाहिजे होतं? आडवं कोण आलं? सांगून झालं की त्यानं तेच लिहायचं. आणि मग, सगळ्यात शेवटी, गुरुजींनी फळ्यावर लिहावं, ह्याला पात्र म्हणतात, ह्याला स्थळ म्हणतात, ह्याला संघर्ष म्हणतात. गाय दारात आल्यावर तिच्या शिंगाला शिंग म्हणावं. गाय न दाखवता शिंगं पाठ करून घेऊ नयेत. आणि महिन्यातून एकदा गावातली एखादी म्हातारी वर्गात आणून बसवा. तिला मानधन लागत नाही. चहा लागतो.

तात्पर्य मात्र परीक्षेतून काढून टाका. ज्याला काढायचं तो मनात काढील.

त्या टेम्पोतल्या पोराला मी सांगितलं, बाप वाटेत बोलला नाही आणि भेळेला थांबला नाही, एवढंच लिही. बापाला काय हवं होतं ते ज्याला कळायचं त्याला कळेल. खाली काही लिहू नकोस. ती जागा कोरी सोड.