वारी आणि अंगावरचा ताप



मृग निघाला की आपल्या जिल्ह्यात दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक तिफणीचा, दुसरा पंढरीचा. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडला आणि तिथून परळी-अंबाजोगाईकडे जाते. तिच्या मागेपुढे आपल्या गावोगावच्या दिंड्या निघतात. आषाढी कधी जूनअखेर येते (२०२३ साली २९ जूनला होती), कधी जुलैच्या मध्यावर (२०२४ साली १७ जुलैला). म्हणजे एखाद्या साली माणूस सरकी टोबून निघतो, एखाद्या साली पेरणी पोरावर टाकून निघतो. दोन्ही वेळा निघतो तो दमलेलाच. उन्हाळाभर वखरपाळ्या घातलेल्या असतात, बी-खताच्या उधारीसाठी दुकानाचे उंबरे झिजवलेले असतात. मग चौथ्या-पाचव्या मुक्कामाला अंग मोडून येते, कणकण भरते, पोट बिघडते. आणि तो कोणाला सांगत नाही.

काही कार्यकर्ते विचारतील, संघटनेच्या अंकात वारी कशाला? सभेला येणारा आणि वारीला जाणारा माणूस एकच आहे म्हणून. आणि दुखणे लपवण्याची ही सवय तो वारीत शिकलेला नाही, शेतात शिकला आहे.

आपल्या भाषेत याला शब्द आहे, अंगावर काढणे. तापात डवरा धरायचा, कंबर धरली तरी वेचणी उरकायची. उत्पादन खर्च काढताना कृषी मूल्य आयोग घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी धरतो, पण तो श्रम तापात केला की धडधाकट अंगाने, याला त्या तक्त्यात रकाना नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विषबाधेची पहिली लक्षणे मळमळ, डोकेदुखी आणि घाम. उन्हात राबणाऱ्याला ही रोजचीच वाटतात. दुखणे न बोलण्याची सवय किती महाग पडते ते तिथे दिसले.

दोन वर्षांपूर्वी परभणी ते गंगाखेड या टप्प्यात मी चालत होतो. सुमारे चाळीस किलोमीटरची ही वाट, सगळी काळ्या रानातली. दैठण्याच्या अलीकडे साठीच्या घरातले एक कापूसवाले दिंडीच्या मागे पडत होते. हात धरला तर चटका बसला.

"काका, ताप हाय तुम्हाला."

"असंल. पांडुरंग बघून घील."

"काही घेतलं का?"

"मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेतल्या, दुखायच्या. उपाशीपोटीच घेतल्या."

त्यांच्याच दिंडीतल्या एका मावशीने डोक्यावरचे तुळशीवृंदावन न उतरवता त्यांना सुनावले, "बसा ट्रकमधी. तुम्ही पडलात तर चौघं तुमच्यापाशी थांबतील, मग पाच जणांची वारी मोडंल." काका बसले. मी अर्धा तास समजावून सांगितले असते तरी बसले नसते.

मावशींचे म्हणणे वारकरी रीतीला धरूनच होते. सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवत नाहीत, पण ती गळ्यात घेणारा बदलतो. पहारा संपला की दुसरा उभा राहतो. नेम वीणेचा असतो, एका माणसाच्या पायांचा नसतो. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. बोलायची सोय परंपरेनेच करून ठेवलेली आहे. (आपल्या काही तालुका सभांत एवढी सोय नाही, हेही जाता जाता.) आणि ज्यांना ट्रकमध्ये बसणे म्हणजे नेम मोडणे वाटते त्यांनी २०२० साल आठवावे. करोनामुळे त्या साली पायी सोहळाच झाला नाही. संतांच्या पादुका वाहनाने पंढरपूरला नेल्या, माउलींच्या एसटीने गेल्या. साथीपुढे पादुका गाडीत बसतात, तर तापलेल्या शेतकऱ्याला कसला कमीपणा?

आता थोडे शरीराचे. वारीत सर्वांत जास्त माणूस मोडतो तो जुलाब आणि उन्हाने. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आले. यातली साखर ताकदीसाठी नसते. आतड्याने मीठ आणि पाणी ओढून घ्यावे म्हणून ती लागते. पुडी मिळाली तर उत्तम, नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ वाढवू नका, ते उलटते.

दुखायच्या गोळ्यांचे तसे नाही. जुलाबाने किंवा घामाने अंगातले पाणी गेलेले असताना त्या घेत चालले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. "एक सुई टोचा आणि चालू लागा" म्हणणारे वाटेत भेटतातच. सुईने दुखणे झाकते, थांबत नाही. साखरेची गोळी चालू असणाऱ्याने एकादशीचा उपास धरण्याआधी डॉक्टरला विचारलेच पाहिजे, कारण काही गोळ्या रिकाम्या पोटी साखर धोक्याइतकी खाली आणतात. आणि जो बरळू लागला, ज्याचे अंग भट्टीसारखे तापले, त्याला आधी सावलीत आणून ओले करा, मग १०८ ला फोन करा.

थांबायचे कधी, हे आपल्याला पिकानेच शिकवले आहे. दुपारी कपाशी माना टाकते आणि संध्याकाळी पुन्हा तरारते, तिची आपण काळजी करत नाही. पण रात्र सरून सकाळीही पान लोंबलेलेच असेल तर मुळाशी काहीतरी बिघडले आहे असे समजतो. चालणाऱ्या माणसाचेही तेच. रात्रीच्या झोपेनंतर सकाळी उठूनही अंग उचलत नसेल, तर त्या दिवशी ट्रक.

प्रत्येक दिंडीत भिशीचा हिशेब ठेवणारा असतोच. त्याच्याच वहीत यंदा आणखी एक पान घाला. कोणाला साखर, कोणाला रक्तदाब, कोणती गोळी, घरचा फोन कोणता. ट्रकमध्ये राहुट्या आणि भांडी लादताना चार जणांना आडवे होता येईल एवढी जागा आधीच राखून ठेवा. पुढच्या जिल्हा बैठकीला दिंडीवाल्या गावांनी ही वही बरोबर आणावी, पाने कशी आखायची ते तिथे बसून ठरवू.