पाळण्याच्या जागेवरून आईची परीक्षा नको

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात पेन स्टेट विद्यापीठाच्या निमित्ताने आलेल्या मराठी घरांत बाळ जन्मलं की एक वाद हमखास उभा राहतो. बाळंतपणासाठी गावाहून आलेली आजी म्हणते, लेकरू आईच्या कुशीतच हवं. ओळखीपाळखीची माणसं बजावतात, पहिल्यापासून वेगळ्या खोलीत झोपवा, नाहीतर मूल कायमचं परावलंबी होईल. मानसशास्त्रच म्हणे तसं सांगतं. दोघांच्या मधे रात्रभर जागलेली आई. दुसरा पक्ष शास्त्राच्या नावाने बोलतो, म्हणून आधी त्याचंच म्हणणं तपासू.

मानसशास्त्र असं सांगत नाही. पॉल ओकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या मुलांचा जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. लहानपणी आईवडिलांच्या अंथरुणात झोपलेल्या मुलांचं पुढे काही बिघडल्याचं त्यांना दिसलं नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा पहिले सहा महिने तरी बाळाला आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र बिछान्यावर झोपवा, असं सांगते. पहिल्या दिवसापासून वेगळी खोली हा अमेरिकेतल्या मध्यमवर्गाचा रिवाज आहे, आणि रिवाज म्हणून त्याचा मान राखावा. त्याला शास्त्राची आज्ञा म्हणू नये.

या पक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा पेन स्टेटच्याच हर्शी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयातून आला आहे. इयान पॉल यांच्या २०१७ मधल्या अभ्यासानुसार, चौथ्या महिन्यापर्यंत वेगळ्या खोलीत गेलेली मुलं नवव्या महिन्यात आईवडिलांच्या खोलीतल्या मुलांपेक्षा रात्री सरासरी ४० मिनिटं जास्त झोपत होती. फरक लहान नाही. पण ही झोप मोजली होती पालकांच्या उत्तरांवरून. वेगळ्या खोलीतलं बाळ रात्री जागं झालं, हातपाय हलवून पुन्हा झोपी गेलं, तर ती जाग पालकांना कळत नाही आणि प्रश्नावलीतही उतरत नाही. शिवाय जास्त झोप म्हणजे जास्त स्वावलंबन, हे या अभ्यासाने म्हटलेलंच नाही.

मोजण्याची रीत किती महत्त्वाची असते, हे स्टेट कॉलेजातच झालेल्या दुसऱ्या कामातून कळतं. डग्लस टेटी यांच्या ‘सिएस्टा’ या अभ्यासमालेत संशोधकांनी लोकांच्या घरी कॅमेरे बसवले आणि निजवण्याच्या वेळेपासून रात्रभराचं चित्रण केलं. बाळाला आणि आईला हालचाल टिपणारं छोटं यंत्र बांधलं. मग चित्रण पुन्हा पुन्हा पाहून आईच्या वागण्याला गुण दिले: बाळाने केलेली खूण तिला कळते का, ती घाई करते का, तिच्या आवाजात चीड आहे का, बाळ डोळे चोळू लागल्यावरही ती खेळवत राहते का. २०१० मध्ये मोजक्या कुटुंबांवरचा पहिला लेख आला. आईने गाणं म्हटलं की गोष्ट सांगितली, बाळाला किती वेळ अंगाशी धरलं, यांचा झोपेशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो आईच्या सावध, मायाळू प्रतिसादाशी. नमुना लहान आहे, हे खरं. तरी मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो, कारण तो आईने काय केलं यापेक्षा कसं केलं याकडे पाहतो.

याच मालेतला २०१६ चा लेख माझ्या बाजूच्या, म्हणजे बाळाला जवळ झोपवण्यात गैर न मानणाऱ्या लोकांना आवडणार नाही, पण तो झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. वर्षभर बाळाबरोबर झोपणाऱ्या आयांची झोप जास्त तुटत होती, नवराबायकोत संगोपनाबाबतचा मेळ कमी होता, निजवतानाचा प्रतिसादही कमी पडत होता. बाळांच्या यंत्राने मोजलेल्या झोपेत मात्र तसा फरक नव्हता. म्हणजे ताण होता तो मोठ्यांवर. तो कुठून आला? टेटी आणि मिना शिमिझू यांच्या २०१८ च्या लेखात एक धागा सापडतो: सहा महिन्यांनंतरही बाळाला जवळ झोपवणाऱ्या आयांना टीका जास्त ऐकावी लागत होती आणि त्या जास्त खिन्न होत्या. आधी खिन्नता की आधी टीका, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण थकलेल्या बाईला रोज दोष देऊन तिची माया वाढेल, असं कुणी म्हणू शकेल का?

आता आजीचा पक्ष. ‘आम्ही पाच-पाच लेकरं कुशीत वाढवली, काही झालं का?’ हा युक्तिवाद टिकत नाही. ज्या घरात काही झालं, ते घर अशा गप्पांत बोलत नाही. अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर निजवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. मऊ गादी, जाड पांघरूण, उशी, आणि सर्वांत वाईट म्हणजे बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर लागलेला डोळा, यांत जीव जातो. इथे परंपरेशी तडजोड नको. आईच्या हाताच्या अंतरावर, पण घट्ट, सपाट, स्वतंत्र बिछान्यावर बाळ ठेवा. झोळी सपाट नसते. बाळ जागं असताना ती हवी तितकी हलवा, रात्रभराच्या झोपेसाठी नको.

आजीची खरी बाजू वेगळी आहे आणि ती कुणी मांडत नाही. स्टेट कॉलेजच्या अभ्यासातली कुटुंबं बहुतेक गोरी होती आणि गुण प्रामुख्याने आईला दिले गेले. आपल्या घरी रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणारी बाई पुष्कळदा आजीच असते, आणि तेवढा वेळ आई झोपते. तो हात कोणत्याच गुणपत्रकात आलेला नाही. मराठी घरांतल्या बाळांविषयी निकाल द्यायचा असेल तर कॅमेरा आधी या घरांत लावा आणि त्याच्या चौकटीत आजीलाही घ्या.