गावची वीज, पण मालक कोण?

बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. एकदा गेलेली वीज या गावात सुमारे तीस वर्षे परतली नव्हती. २०१४ साली एका आंतरराष्ट्रीय पर्यावरणवादी संस्थेने तेथे शंभर किलोवॉटचे सौर केंद्र उभारले. घरे उजळली, रस्त्यावर दिवे लागले, वृत्तपत्रांतून कौतुकाचे रकाने भरले. राज्याचे माजी मुख्यमंत्री उद्घाटनाला आले, तेव्हा मात्र गावकऱ्यांनी त्यांच्यासमोर घोषणा दिल्या, "आम्हाला नकली वीज नको, असली वीज द्या!" असली म्हणजे सरकारी तारांतून येणारी, मुख्यतः कोळशावर तयार होणारी. ती थोड्याच दिवसांत आली. सौर केंद्राच्या विजेपेक्षा ती स्वस्त होती आणि तिच्यावर हवी ती उपकरणे चालत होती. काही वर्षांत केंद्राच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आणि त्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली.

या कथेचे तात्पर्य दोन प्रकारे सांगितले जाते. छोटे प्रकल्प म्हणजे हौशी मंडळींची खेळणी, असे एक पक्ष म्हणतो. सरकारी अनुदानाच्या स्वस्त विजेने एका चांगल्या प्रयोगाचा गळा घोटला, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण मूळ दुखणे दोघांच्याही नजरेतून सुटते. केंद्र गावात होते, परंतु गावाचे नव्हते. ते बाहेरून आले होते. ज्या दिवशी सरकारी तार गावात पोहोचेल त्या दिवशी या केंद्राचे काय करायचे, याचे उत्तर उभारणाऱ्यांपाशी नव्हते आणि शासनापाशीही नव्हते.

वास्तविक कायद्याने वाट मोकळी करून दिली होती. २००३ च्या विद्युत कायद्यातील कलम १४ प्रमाणे, राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून ती तेथेच वितरित करणाऱ्यास परवाना लागत नाही. पंचायती, सहकारी संस्था, वापरकर्त्यांचे संघ यांच्यामार्फत स्थानिक वितरण व्हावे, असेही याच कायद्यात सुचविले आहे. म्हणजे एखाद्या ग्रामपंचायतीने मनात आणले तर ती स्वतःची छोटी वीज कंपनी चालवू शकते. वीस वर्षे उलटून गेली, तरी किती सरपंचांना हे ठाऊक आहे? आणि ठाऊक असले, तरी भांडवलासाठी ते कोणत्या बँकेचे दार ठोठावणार?

शासनाच्या मदतीचा आपला जुना अनुभव पाहायचा तर गोबरगॅसकडे वळावे लागते. हा विषय आपल्या मातीतला आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून ज्वलनशील वायू मिळविण्याचा प्रयोग झाला होता. पुढे जशभाई पटेल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर शेतकऱ्याला परवडेल असे तरंगत्या टाकीचे संयंत्र विकसित केले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या 'मलप्रभा' संयंत्राचा ध्यास घेतला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली, तोपर्यंत त्यांच्या कामाची कीर्ती जाणकारांपुरतीच मर्यादित होती, हेही आपल्या रीतीला धरूनच झाले. १९८१-८२ पासून केंद्र शासनाने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९८४ मध्ये जमिनीखाली बांधायचा, पक्क्या घुमटाचा, स्वस्त 'दीनबंधू' नमुना आला. देशात सुमारे पन्नास लाख कौटुंबिक संयंत्रे बांधली गेली. आकडा लहान नाही.

मात्र हा आकडा बांधलेल्या संयंत्रांचा आहे, चालणाऱ्यांचा नव्हे. ग्रामविकासाच्या कामात असलेल्या कार्यकर्त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. गोठ्यामागे गंजलेली लोखंडी टाकी आणि तिच्यात उगवलेले गवत त्यांनी अनेक गावांत पाहिले असेल. अनुदान खड्डा खणून बांधकाम पुरे होईपर्यंत होते. नंतर टाकी गंजली, नळी चोंदली, घुमटाला बारीक चीर जाऊन वायू निसटू लागला, तर तालुक्याच्या गावीही दुरुस्तीचा गवंडी मिळेना. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो ओले शेण आणि तितकेच पाणी लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत आणि दारात पाणी हवे. दुष्काळी गावात, जेथे बाया दोन मैलांवरून हंडे आणतात, तेथे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी संयंत्र बांधणाऱ्या अधिकाऱ्याला हा हिशेब कळत नव्हता असे नाही. त्याच्या कागदावर तो मांडायचा रकानाच नव्हता.

याउलट जेथे हा हिशेब जमला, तेथे गोबरगॅस पिढ्यान्‌पिढ्या टिकला. स्वयंपाकघरातला धूर गेला, सरपणासाठीची पायपीट थांबली आणि पाझरून आलेली रबडी शेतात पडली. खताच्या पिशवीचे पैसे वाचतात तेव्हा शेतकरी संयंत्राची काळजी घेतो, केवळ चुलीसाठी घेतोच असे नाही. विशेषतः २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आल्यानंतर चुलीचे कारण आणखी दुबळे झाले. गरिबाघरी गॅस सिलिंडर पोहोचला ही आनंदाचीच गोष्ट. परंतु एका खात्याने गोबरगॅसला अनुदान द्यायचे आणि दुसऱ्याने सिलिंडरला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहायचे नाही, ही रीत धरनईपेक्षा फार वेगळी म्हणता येत नाही. गावात तयार होणाऱ्या ऊर्जेला बाहेरून येणाऱ्या ऊर्जेशी स्पर्धा करावी लागते, आणि दोन्हींच्या पाठीशी एकच सरकार असते.

मग टिकते काय? तमिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातील ओडन्थुराई पंचायतीचे उदाहरण बोलके आहे. सरपंच आर. षण्मुगम यांच्या कारकिर्दीत, २००६ मध्ये, या पंचायतीने स्वतःची ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली. खर्च सुमारे एक कोटी पंचावन्न लाख. त्यापैकी चाळीस लाख पंचायतीने बचतीतून घातले आणि उरलेले बँकेकडून कर्ज काढले. पवनचक्की गावाच्या शिवारात नाही. जेथे वारा चांगला तेथे ती उभी केली, आणि वीज राज्याच्याच तारांत सोडली. पंचायतीच्या गरजेपेक्षा जास्त झालेली वीज विकून कर्ज फेडले गेले. येथे सरकारी तार ही प्रतिस्पर्धी नव्हती, ती गिऱ्हाईक होती. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात दरेवाडी या वनवासी पाड्यावर २०१२ मध्ये साडेनऊ किलोवॉटच्या आसपासचे सौर केंद्र झाले. भांडवल बाहेरून आले, पण कारभार गावाच्या न्यासाकडे राहिला आणि सुमारे चाळीस घरांतून मीटरप्रमाणे पैसे जमू लागले. रक्कम लहान, पण ती भरणारा आणि हिशेब विचारणारा माणूस एकच.

गुजरातमधील धुंडीचा अनुभव तर धोरणकर्त्यांनी पाठच करावा असा आहे. खेडा जिल्ह्यातील या गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. त्यांच्या सौरपंपांची उरलेली वीज सरकारी कंपनीने पंचवीस वर्षे प्रतियुनिट चार रुपये त्रेसष्ट पैशांनी घ्यायची, असा करार झाला. यातील मर्म असे, की फुकट ऊन आणि अनुदानाचा पंप मिळालेला शेतकरी दिवसभर पाणी उपसत बसतो व भूजल आटते. त्याच विजेला भाव मिळाला, की तो पंप वेळेवर बंद करतो. जमिनीखालचे पाणी वाचविण्याचा याहून सोपा उपाय कोणत्याही भूजल कायद्याला सुचलेला नाही.

२०१९ मध्ये केंद्राने पीएम-कुसुम योजना आणली, तेव्हा धुंडीचा हा विचार तिच्यात होता. शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती यांनी पाचशे किलोवॉट ते दोन मेगावॉटचे प्रकल्प उभारावेत, दहा हजार मेगावॉट व्हावेत, असे उद्दिष्ट ठरले. योजनेचा हाच भाग सर्वांत रखडला. एका मेगावॉटला काही कोटी रुपये लागतात. शेतकऱ्यापाशी तारण म्हणून असते ती जमीनच, आणि कुसुमचे नाव काढले की बँकेचा शाखाधिकारी कागदपत्रांची यादी पुढे सरकवतो. २०२० च्या अखेरीस फीडर सौरीकरणाचा मार्ग आला. त्यात गावच्या कृषी फीडरला लागणारी वीज एका मोठ्या सौर प्रकल्पातून द्यायची आणि तो प्रकल्प निविदेने आलेल्या विकासकाने उभारायचा. काम वेगाने होऊ लागले. उत्पादक मात्र बदलला.

महाराष्ट्राने हाच मार्ग मोठ्या हिमतीने धरला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या, साप-विंचवाच्या भीतीने पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू. तो निःसंशय स्तुत्य आहे, आणि ज्या गावांत वीज दिवसा आली तेथील शेतकऱ्यांना विचारले तर ते तिचे मोल सांगतील. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान आहे. सरकारी जमिनी तर नाममात्र भाड्यानेच दिल्या जातात, आणि त्यांत गायरानेही आली. काही गावांत त्यावरून वाद झाले. गायरान गेले तर गुरे कोठे चरतील? आणि गुरे नसतील तर शेण, आणि शेण नसेल तर गोबरगॅस कोठून येणार? एका अक्षय ऊर्जेने दुसरीच्या मुळावर यावे, हा विरोधाभास मंत्रालयात कोणाच्या ध्यानी आला असेल का?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गावाला मालक करा म्हणणे सोपे, पण सहकाराचा महाराष्ट्रातील अनुभव काय सांगतो? अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ग्राहकांच्या मालकीची होती. सुमारे चार दशके ती चालली, मंडळाची थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये वितरणाचा परवाना गेला. राजकारण शिरले की सहकारातला हिशेब बाजूला पडतो, हे साखर कारखान्यांच्या राज्याला कोणी शिकवायला नको. मग पंचायतीचे सौर केंद्र त्याच वाटेने जाणार नाही कशावरून?

शंका रास्त आहे. पण मुळा-प्रवरा वीज विकत घेऊन वाटणारी संस्था होती. बिले थकली की तोटा तिचा. ओडन्थुराई किंवा धुंडी वीज तयार करून विकतात, गिऱ्हाईक एकच आहे आणि मीटर गिऱ्हाइकाच्याही नजरेखाली असतो. वसुलीची जबाबदारी गावपुढाऱ्याच्या गळ्यात नसते, म्हणून तिच्यावरून मते मिळविण्याचीही सोय नसते. शासनाने मदत करायची ती येथे. पत्रे आणि खांब यांच्या किमतीवर अनुदान देण्याऐवजी पंचायतीच्या कर्जाला हमी द्यावी. तयार झालेल्या प्रत्येक युनिटला ठरलेल्या तारखेला पैसे मिळतील याची खात्री द्यावी, कारण वीज कंपन्यांची देणी कशी थकतात हे सर्वांना माहीत आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-चार मुलामुलींना पॅनेल, इन्व्हर्टर आणि हो, गोबरगॅसचा घुमटही दुरुस्त करता येईल इतके शिकवावे. आयटीआयच्या इमारती तालुक्यातालुक्यांत उभ्याच आहेत.

आणि विकासकाच्या प्रकल्पातही गावाचा हिस्सा ठेवता येईल. ज्या गावची जमीन, त्या पंचायतीला किंवा तेथील शेतकरी गटाला दहा-वीस टक्के भागभांडवल घेण्याचा पहिला हक्क, अशी एक अट निविदेत घातली तर विकासक पळून जाणार नाही. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाली. इतके मोठे काम एकजुटीने करू शकणारे गाव भागीदार म्हणून कमी पडेल असे मानण्याचे कारण नाही.

सौर कृषी वाहिनीचे वीज खरेदी करार पंचवीस वर्षांचे आहेत. ग्रामपंचायतीला मिळणारे अनुदान तीन वर्षांचे. उरलेल्या बावीस वर्षांत गावाच्या तिजोरीत काय येणार, हे ग्रामसभेने ठराव मंजूर करण्यापूर्वी विचारायला हवे. गायरानाचा ठराव पुढच्या महिन्यात ज्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेवर आहे, तेथील कार्यकर्त्यांनी तरी विचारावे.