एक गिटार, सगळी गाणी

अप्रेझलचं पत्र हातात पडलं की पुढच्या पंधरा दिवसांत टीममधलं कोणीतरी चहाच्या टपरीवर हळूच विचारतंच, "इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीये रे. फार महाग नको, पण सगळं वाजलं पाहिजे. कोणती घेऊ?" ह्या 'सगळं'मध्ये आरडी असतो, मेटॅलिका असते, जॉन मेयर असतो, आणि गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर करायचं एखादं भावगीतही असतं. प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तरं मात्र ब्रँडच्या नावात मिळतात. एक म्हणतो फेंडर घे, दुसरा म्हणतो आयबानेझ, तिसरा म्हणतो आधी अकूस्टिक शीक (हा तिसरा प्राणी प्रत्येक हापिसात असतो). ज्याने विचारलं तो बिचारा शेवटी रंग बघून घेतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांना इथूनच दुकानात पळता येईल. यामाहा पॅसिफिका ११२व्ही घ्या, नाहीतर त्याच जातीची दुसरी कुठलीही. जात महत्त्वाची, आडनाव नाही. आणि ठरवलेले सगळे पैसे गिटारवर घालवू नका. आता ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी, असं का ते.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज येतो पिकअपमधून. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढे दिलेली बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलाच प्रकार, बारावीला घोकलेला. असं एकच वेटोळं असलं की ते सिंगल कॉइल. आवाज स्वच्छ, टोकदार, काचेसारखा. पण हे वेटोळं अँटेनाचंही काम इमाने इतबारे करतं, त्यामुळे घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पण उचलतं. गंमत म्हणजे ५० हर्ट्झ हा जवळजवळ खर्जातला 'जी' येतो. पेटीच्या भाषेत पांढरी पाच, किंचित चढी. म्हणजे सिंगल कॉइलची गिटार लावली की पांढरी पाचचा एक सरकारी तंबोरा फुकट सुरू होतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे त्यांचा तंबोरा वेगळ्या पट्टीत.

ह्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने १९५५च्या सुमारास तोडगा काढला. दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवायची, एक उलटं गुंडाळायचं, त्याचं चुंबकही उलटं लावायचं. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येऊन कटते, तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. हाच हंबकर. डिफरन्शियल सिग्नल शिकलेल्या माणसाला हे वाचून प्रेमात पडायला होतं. ह्याचा आवाज जाड, गोल, आणि अँपला जोरात ढकलणारा. डिस्टॉर्शन चढवून रॉक-मेटल वाजवायचं तर हाच बरा, कारण डिस्टॉर्शन गाण्याबरोबर गुणगुणही वाढवतं.

तर मग सगळं वाजवायचं असेल तर काय हवं? दोन्ही. एवढं साधं आहे ते. ब्रिजपाशी हंबकर, मध्ये सिंगल, नेकपाशी सिंगल. ह्याला एचएसएस म्हणतात, आणि मी 'जात' म्हणालो ती ही. पाच जागांचा स्विच असतो. एका टोकाला रॉक, दुसऱ्या टोकाला ब्लूज आणि जुन्या हिंदी गाण्यांतले मऊ सूर, आणि मधल्या जागांवर दोन-दोन पिकअप मिळून येणारा तो पोकळ, किणकिणता आवाज. ह्या मधल्या जागांची कथा मजेशीर आहे. फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा स्विचला तीनच जागा होत्या. वाजवणाऱ्यांना सापडलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला तर भारी आवाज येतो. कंपनीने पाच जागांचा स्विच स्वतः बसवायला १९७७ उजाडलं. युजरने शोधलेला बग तेवीस वर्षांनी फीचर म्हणून रिलीज झाला. आपल्याकडेही असे बॅकलॉग पाहिलेत.

पॅसिफिका ११२व्हीमध्ये आणखी एक सोय आहे. टोनची खुंटी वर ओढली की हंबकरचं एक वेटोळं बंद होतं आणि तो सिंगल कॉइलसारखा वाजतो. अस्सल सिंगल कॉइलइतका नाही, आवाजही थोडा पडतो, पण काम भागतं. हिचीच धाकटी बहीण ०१२ आणखी स्वस्तात येते, तिच्यात ही खुंटी नाही. बजेट फारच ताणलं जात असेल तर ०१२ घेऊन उरलेले पैसे अँपवर घाला, मी ह्यात काही कमीपणा मानत नाही.

यामाहा म्हटलं की आपल्याकडच्या एका पिढीला आरएक्स १०० आठवते. त्या टाकीवरच्या बोधचिन्हातले तीन काटे नीट बघा, ते नादकाटे आहेत. तोराकुसु यामाहा १८८७ साली एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करता करता स्वतः बनवायला लागला, मोटरसायकली फार नंतर आल्या. असो, विषयांतर झालं.

आता 'टेलिकास्टर का नाही?' हा प्रश्न येणार. हा आक्षेप मला खरंच पटण्यासारखा वाटतो. दोन पिकअप, तीन जागा, न हलणारा ब्रिज, बिघडण्यासारखं काहीच नाही. १९५०पासून मूळ डिझाइन फारसं बदललेलं नाही, आणि कंट्रीपासून जॅझपर्यंत लोकांनी तिच्यावर सगळं वाजवलंय. ज्याला एक गोष्ट नीट शिकून तिच्यातूनच सगळं काढायचा स्वभाव आहे त्याने खुशाल स्क्वायरची टेलिकास्टर घ्यावी. पण विचारणारा जेव्हा मेटॅलिका आणि आरडी एका दमात म्हणतो तेव्हा मी एचएसएसच सांगतो. उलट ज्याला फक्त मेटलच वाजवायचंय त्याला 'सगळं वाजवणाऱ्या' गिटारची गरजच नाही, त्याने दोन हंबकरवाली घ्यावी आणि सुखी व्हावं.

घेऊ नये असं एकच नक्की सांगतो: लॉक होणारा, तरंगता ट्रेमोलो. फ्लॉइड रोझ जातीचा. दिसायला जबरदस्त. पण पहिल्या गिटारला नकोच. तो स्प्रिंग आणि तारा ह्यांच्या ओढाताणीत तोललेला असतो. एक तार बदलली, पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली, की सगळा तोल पुन्हा साधत बसा. शिवाय आपल्याला मींड घ्यायची सवय असते. एक तार ओढून सूर चढवला की तरंगता ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. दोन तारा एकदम वाजत असतील तर कानाला लगेच कळतं. साधा स्ट्रॅटसारखा ट्रेमोलो असेल तर मागच्या स्प्रिंग आवळून तो बॉडीला टेकवून टाका, विषय संपला.

लाकडावर मी फार बोलणार नाही. आल्डर की महोगनी ह्यावर लोक रात्री रात्री भांडतात. ह्या किमतीत पिकअप, अँप आणि तुमची बोटं ह्यांच्यापुढे बॉडीच्या लाकडाचा फरक नगण्य आहे, असं माझं स्पष्ट मत. फक्त एक गोष्ट आवडते म्हणून सांगतो. २०१७च्या जानेवारीत शिसवीच्या कुळातल्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारान्वये बंधनं आली, आणि स्वस्त गिटारींच्या फ्रेटबोर्डवर 'इंडियन लॉरेल' दिसायला लागलं. नाव ऐकून काहीतरी विलायती वाटतं. तो आपला ऐन. सह्याद्रीत ट्रेकला जाता तेव्हा मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचं जे झाड दिसतं तेच. २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्या बंधनांतून सूट मिळाली, तरी ऐन बऱ्याच मॉडेलांवर टिकून राहिला. त्याला हलकं समजू नका, बोटांना काही फरक पडत नाही.

आता खरी कळीची गोष्ट. फेंडरचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी मुलाखतींतून सांगायचे की नव्याने गिटार हातात घेणाऱ्यांपैकी ९० टक्के लोक वर्षभरात सोडून देतात. कारणं पुष्कळ असतील, वेळ नाही, क्लास लांब, रिलीज जवळ. पण मला एक कारण फार खटकतं. पुष्कळ लोक वाजवणं सोडतात कारण गिटार नीट लावलेली नसते, आणि त्यांना वाटतं की दोष आपल्या बोटांत आहे. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच की बार कॉर्ड दाबताना डोळ्यांत पाणी यावं. बाराव्या फ्रेटवर सूर चढा लागावा. आणि हा माणूस तीन महिन्यांनी म्हणतो, "माझ्यात टॅलेंटच नाही." अरे बाबा, तुझ्या मशीनवर एन्व्हायर्नमेंट चुकीचं सेट केलंय, तुझा कोड ठीक आहे!

हल्लीच्या स्वस्त गिटारी मुळात चांगल्या असतात. बॉडी आणि नेक संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर कापले जातात, त्यामुळे जुन्या काळातल्या स्वस्त गिटारींसारखा नेक वाकडा बसलाय, फ्रेट भलत्याच जागी आहेत, असले प्रकार जवळजवळ संपले. कोरियाच्या कॉर्ट कंपनीच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात पीआरएसची एसई मालिकाही बनते, म्हणजे नावं वेगळी असली तरी हात बरेचदा तेच. राहतं ते शेवटचं हाताने करायचं काम, आणि तिथेच कंपनी पैसे वाचवते. ते आपण करून घ्यायचं. ह्याला सेटअप म्हणतात. नेकमधला ट्रस रॉड फिरवून बाक दुरुस्त करणं, ब्रिजवरची उंची उतरवणं, प्रत्येक तारेची लांबी जुळवणं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असली की हात सुखावतो. दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सांगतो. मोबाइलवर ट्यूनर लावा, बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दोन्ही एकच सूर दाखवायला हवेत. मग नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली तर दुसरा पीस मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि हा सेटअप एकदाच करून चालत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की लाकूड फुगतं, नेक हलतो, उंची बदलते. मुंबई-कोकणात तर फारच. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उलटं, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. वर्षातून दोनदा तपासणी, गाडीच्या सर्व्हिसिंगसारखी. थोडं धाडस असेल तर स्वतःच शिका, पान्याचा पाव फेरा फिरवून एक दिवस थांबायचं एवढं पथ्य पाळलं तर काही मोडत नाही. तारा ००९च्या लावा. मींडही सोपी, बोटंही वाचतात.

पैशांचं गणित म्हणाल तर साधारण निम्म्याहून थोडे जास्त गिटारला, तिसरा हिस्सा अँपला, उरलेले सेटअप, बरी केबल आणि पट्ट्याला. अँपमध्ये काटकसर करून भारी गिटार घेणारे लोक मला कळत नाहीत. आवाज शेवटी त्या डब्यातून येणार आहे. छोटा मॉडेलिंग अँप घ्या, हेडफोनची सोय असलेला, कारण आपल्या फ्लॅटच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. रात्री अकरानंतरच वेळ मिळणाऱ्या लोकांना हेडफोनशिवाय पर्याय नाही. लॅपटॉप तर आहेच, त्यामुळे एक साधा ऑडिओ इंटरफेस घेऊनही भागतं. न्यूरल अँप मॉडेलर हे ओपन सोर्स, फुकट आहे आणि त्याचा आवाज ऐकून थक्क व्हायला होतं. बफर १२८ सँपल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला तो तीनेक मिलिसेकंदांचा होतो. इकडून तिकडून सगळं धरून विलंब दहाच्या आत राहिला की बोटाला जाणवत नाही.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, हे पाहून घाबरू नका, तसंच असतं. मात्र अँप तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. जुन्या इमारतीत अर्थिंग आहे की नुसतंच भोक आहे, हे आधी वायरमनला दाखवून घ्या, कारण तुम्ही तासन् तास धातूच्या तारा धरून बसणार आहात.

आणि हो, सेकंडहँड. वर म्हटलेल्या त्या ९० टक्क्यांतले बरेचसे आपल्याच आयटी पार्कांत राहतात. कोणाचं ऑनसाइट लागतं, कोणाचं लग्न ठरतं, आणि पलंगाखालची जेमतेम वीस तास वाजलेली गिटार विकायला निघते. तिथे ११२व्ही ०१२च्या भावात मिळू शकते. बघायला जाताना ट्यूनर आणि स्वतःची केबल न्या. नेककडे एका डोळ्याने बंदुकीसारखं बघून पीळ नाही ना ते पाहा. ट्रस रॉड अजून फिरतोय का विचारा, खुंट्या फिरवताना खरखर आली तर फवारणीने जाते, तेवढ्यासाठी भाव थोडा पाडा. फार पाडू नका, विकणाऱ्याला आधीच वाईट वाटत असतं.