छिद्र यंत्रातले, भुर्दंड जनतेचा

कवठे महांकाळसारख्या दुष्काळी तालुक्यातील शेतकऱ्याला बांधाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. म्हैसाळ योजनेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून शिवारात येते, तेव्हा वाफा केवढा आणि पाणी किती सोडायचे याचा हिशेब चुकला तर पाणी बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरते, हे तो जाणतो. याच शेतकऱ्याचा सातबारा आता संगणकात आहे. हस्तलिखित उतारा इतिहासजमा झाला असून २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला आहे. पीककर्ज, वारसनोंद, दाखले, बँकेचा व्यवहार ही सारी कामे यंत्राच्या पडद्यामागे गेली आहेत. अशा वेळी त्या यंत्रातील वाफे आणि बांध कितपत भक्कम आहेत आणि ते फुटले तर नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. तो लोकशाहीचा प्रश्न ठरतो.

संगणकाची स्मृती ही अशीच आखून दिलेल्या वाफ्यांची बनलेली असते. प्रत्येक कामाला ठरावीक जागा मिळते. त्या जागेत मावेल त्याहून अधिक मजकूर कोंबला गेला, तर तो शेजारच्या जागेत सांडतो. त्या शेजारच्या जागेत यंत्राने पुढे काय करावे हे सांगणारा हुकूमच असेल, तर सांडलेला मजकूर त्या हुकमाची जागा घेतो आणि यंत्र परक्याचे ऐकू लागते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीत, फायली एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पोहोचवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, नेमका हाच दोष वर्षानुवर्षे दडलेला होता. बत्तीस बिटांचा एक आकडा बदलताना त्याचा खालचा सोळा बिटांचा भागच तेवढा बदलला जाई, वरचा भाग जुनाच राही. परिणामी वाफा लहान आखला जाई आणि पाणी मात्र मोठ्या हिशेबाने सोडले जाई. हे सारे प्रणालीच्या गाभ्यातच घडत असल्याने आत शिरणाऱ्याच्या हाती संपूर्ण यंत्राची सत्ता येत असे.

चूक माणसाच्या हातून होते. ती कंपनीच्या अभियंत्यांच्या हातूनही झाली, यात नवल नाही. नवल आणि संताप वाटावा असे जे आहे ते पुढेच आहे. हा दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला कळलेला होता. तिने तो दुरुस्त करवून घेण्याऐवजी हेरगिरीचे हत्यार म्हणून जपून ठेवला. पुढे ते हत्यार चोरीला गेले. मार्च २०१७ मध्ये कंपनीने दुरुस्ती प्रसिद्ध केली, एप्रिलमध्ये चोरांनी ते हत्यार जगासमोर उघडे टाकले आणि १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने त्याच छिद्रातून सुमारे दीडशे देशांतील लाखो संगणक ओलीस धरले. फायली कुलूपबंद करून तीनशे डॉलरची मागणी पडद्यावर झळकू लागली. महाराष्ट्र पोलिसांच्या काही यंत्रणांनाही त्याची झळ लागली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले. धरणाच्या भिंतीला गेलेला तडा ठाऊक असूनही शत्रूचा मुलूख बुडवता येईल म्हणून तो झाकून ठेवावा, आणि अखेर पुरात आपली-परकी सारीच गावे वाहून जावीत, असा हा प्रकार होय. शासनांनी अशी छिद्रे साठवून ठेवणे घातक आहे, हे त्या वेळी खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनीही जाहीरपणे सांगितले.

परंतु कंपनीलाही या प्रकरणी हात झटकता येणार नाहीत. दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती चढवली नाही त्यांनी आपले नशीब भोगावे, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. सरकारी कचेऱ्यांची बेफिकिरी हा काही बनाव नव्हे. तथापि या युक्तिवादात अर्धेच सत्य सांगितले जाते. २००१ मध्ये बाजारात आलेल्या एक्सपी या प्रणालीचा सर्वसाधारण सांभाळ कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये थांबवला होता. जे बडे ग्राहक त्यानंतरही वेगळे पैसे मोजत होते, त्यांना दुरुस्ती मिळत राहिली. बाकीच्या जगाला एक्सपीची ही दुरुस्ती मिळाली ती मे महिन्यात आग लागल्यानंतर. याचा अर्थ औषध तयार होते. ज्याच्या खिशात पैसा नव्हता त्याच्यापर्यंत ते पोहोचू दिले गेले नाही, इतकेच.

या साऱ्याशी कवठे महांकाळचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी त्याच वर्षीच्या जून महिन्याचे स्मरण करावे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्गे ‘नॉटपेट्या’ हा दुसरा विषाणू सुटला. तो याच छिद्राचा आणि यंत्रांतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांचा आधार घेत पसरला. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला पुढे सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. मेर्स्क समूहाकडे असलेले, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनलही त्या तडाख्यात ठप्प झाले. कवठे महांकाळ-तासगावच्या माळावरची द्राक्षे परदेशी निघतात ती याच बंदरातून. जून असल्याने तेव्हा द्राक्षांचा हंगाम सरलेला होता, हे सुदैव. हाच घाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला असता, तर शीतपेटीत अडकलेल्या मालाचा एकेक दिवस बागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टांतून वजा झाला असता. युक्रेनला लक्ष्य करून सोडलेल्या हत्याराची किंमत सांगलीच्या माळावर मोजावी लागू शकते, हा यातला धडा आहे.

आज हा धडा शिळा झालेला नाही. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यापुढच्या दुरुस्त्या हव्या असतील, तर संस्था व उद्योगांसाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा दर कंपनीने लावला. शाळांना सवलत ठेवली, घरगुती वापरासाठी वेगळ्या अटी घातल्या. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी आवाज उठवताच तेथील घरगुती ग्राहकांना एक वर्षाच्या दुरुस्त्या विनामूल्य देण्यात आल्या. शिवाय युरोपीय संघाने केलेला नवा कायदा उत्पादकांवर दुरुस्त्या पुरवण्याचे बंधन घालतो. त्याचा मुख्य भाग डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याचे ठरले आहे. जेथे लोक संघटित होऊन मागतात तेथे मिळते, आणि जेथे मुकाट सोसतात तेथे बिल येते, हा अनुभव कामगार चळवळीला नवा नाही.

भारतात २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांच्या आत कळवण्याचे बंधन संस्थांवर व कंपन्यांवर घातले. ते योग्यच आहे. परंतु ज्याचे यंत्र फुटले त्याने वर्दी द्यावी आणि ज्याने कच्चा बांध विकला त्याने परवानापत्रातील बारीक अक्षरांमागे लपावे, हा न्याय नव्हे. रोगाचे मूळही अज्ञात नाही. दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या गंभीर दोषांपैकी सुमारे सत्तर टक्के स्मृतीच्या अशा हाताळणीतून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले. असे दोष मुळातच होऊ न देणाऱ्या संगणकीय भाषा आज उपलब्ध आहेत. जुनी बांधणी उकलून नवी करण्याचा खर्च करावयाचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो. तो नफ्याच्या हिशेबावर सोडून चालणार नाही.

मुक्त प्रणालींचा पुरस्कार याच दृष्टीने व्हावयास हवा. त्यांत छिद्रे नसतात असा भाबडा दावा कोणी करू नये. २०१४ मधील ‘हार्टब्लीड’ हा दोष मुक्त सॉफ्टवेअरमधलाच होता आणि तोही स्मृतीच्या सीमेचाच. पण तेथे दुरुस्ती सर्वांना फुकट मिळाली. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे चालवून दाखवली आहे. महाराष्ट्राच्या कचेऱ्यांना ते अशक्य का असावे?

कार्यकर्त्यांनी हा विषय परका मानू नये. प्रत्येक तालुक्यात तीन मागण्या घेऊन तहसीलदार व गटविकास अधिकारी यांच्याकडे जाता येईल. पहिली, सरकारी कचेऱ्या व सेवा केंद्रांतील यंत्रे कोणत्या प्रणालीवर चालतात आणि त्यांना दुरुस्त्या मिळतात की नाही, याची यादी जाहीर व्हावी. दुसरी, यंत्र बंद पडले म्हणून दाखला, उतारा वा पैसे अडू नयेत. त्यासाठी हाताने काम चालवण्याची रीत लेखी ठरलेली असावी. तिसरी, यंत्रे अद्ययावत करण्याचा खर्च शासनाने करावा. तो तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या किंवा केंद्रचालकाच्या खिशातून निघू नये आणि यंत्र फुटल्यास बळीचा बकरा म्हणून त्यालाच पुढे केले जाऊ नये.

वाफ्याचा बांध फुटला तर शेतकरी रात्री-अपरात्री फावडे घेऊन धावतो, कारण बांध त्याचा स्वतःचा असतो. संगणकातील बांध त्याचा नाही. त्याची आखणी त्याला पाहता येत नाही आणि दुरुस्तीही त्याच्या हाती नाही. निदान त्या बांधाचा जाब विचारण्याचा हक्क तरी त्याचा असलाच पाहिजे. तो हक्क मागण्यासाठी पुढच्या विषाणूची वाट पाहण्याचे कारण नाही.